डिझेल मोटारीसाठी घरगुती ऑइल सेपरेटर

काही वर्षे धावलेल्या डिझेल मोटारीच्या एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारी जाड रबरी नळी सोडवली, की तिच्या आतल्या बाजूस तेलाचा पातळ थर हाताला लागतो. इंटरकूलर उतरवला तर त्याच्या तळाशी थोडेसे काळपट तेल साचलेले आढळते. ‘टर्बो गेला’ असे सांगून मालकाला मोठ्या खर्चात ढकलणारे मेकॅनिक जसे आहेत, तसेच ‘डिझेल गाडीत हे चालायचेच’ म्हणत नळी पुसून पुन्हा बसवणारेही आहेत. प्रत्यक्षात पुष्कळदा हे तेल टर्बोने गाळलेले नसते. ते इंजिनाच्या पोटातून ब्रीदरच्या नळीवाटे आलेले असते. हे तेल वाटेतच अडवून एका डब्यात गोळा करणारे साधन म्हणजे ऑइल सेपरेटर. हौशी मोटारचालक त्याला ‘कॅच कॅन’ या नावाने ओळखतात.

लेथ आणि वेल्डिंगची सोय असलेल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये असा डबा तयार करून घेता येतो. डबा बनवणे सोपे आहे. त्यातून जाणारी वायूची वाट सदैव मोकळी ठेवणे हे खरे काम आहे. ही गोष्ट नजरेआड झाली, तर थोडे तेल अडवण्यासाठी केलेला उपाय संपूर्ण इंजिनाच्या जिवावर बेतू शकतो.

तेल येते कोठून?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा पंधरा ते वीस पट दाबली जाते, त्यामुळे ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. ज्वलनाच्या क्षणी आतील दाब शंभर बारच्याही पुढे जातो. पिस्टनच्या रिंगा कितीही उत्तम असल्या तरी एवढा दाब त्या पूर्णपणे रोखू शकत नाहीत. वायूचा काही अंश रिंगांच्या फटींतून खाली, क्रँकशाफ्ट फिरतो त्या बंदिस्त भागात, म्हणजे क्रँककेसमध्ये निसटतो. गॅरेजच्या बोलीत यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. नव्या इंजिनातही ते थोडे असतेच. झिजलेल्या इंजिनात ते वाढते. टर्बोच्या शाफ्टच्या सीलमधून निसटणारा वायू आणि ब्रेकसाठी असलेल्या व्हॅक्यूम पंपाची हवा यांचीही त्यात भर पडते.

हा वायू कोरडा नसतो. त्यात पाण्याची वाफ, काजळी आणि न जळलेले डिझेल असते. शिवाय वेगाने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि पिस्टन थंड ठेवण्यासाठी खालून मारले जाणारे तेलाचे फवारे यांमुळे क्रँककेसमध्ये तेलाचे धुके तयार झालेले असते. बाहेर पडताना वायू हे धुके बरोबर घेऊन निघतो.

त्याला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही तर क्रँककेसमधील दाब चढतो. मग ऑइल सील गळू लागतात, डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते. सर्वांत मोठा फटका टर्बोला बसतो. टर्बोच्या बेअरिंगमधून गेलेले तेल केवळ उताराने ऑइल चेंबरमध्ये परतत असते. चेंबरमध्येच दाब असेल तर ते तेल मागे तुंबते आणि सील ओलांडून हवेच्या वा धुराच्या मार्गात शिरते. अशा वेळी टर्बो बदलूनही गळती थांबत नाही, कारण दोष टर्बोचा नसतो.

उघड्या नळीकडून बंद मार्गाकडे

जुन्या ट्रकांना आणि जीपना इंजिनाखाली उघडी सोडलेली एक ब्रीदर नळी असे. तिच्यातून धूर व तेलाचे थेंब थेट रस्त्यावर पडत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास सुरू झाल्यावर या नळीकडे लक्ष गेले. कॅल्टेकमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात वाहनांतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन आणि धुरके यांचा संबंध दाखवून दिला. पुढे १९६१ साली कॅलिफोर्नियाने क्रँककेसमधील वायू पुन्हा इंजिनाच्या हवेच्या मार्गात सोडणारी योजना बंधनकारक ठरवली. मोटारींतील प्रदूषण नियंत्रणाचा हा पहिला तांत्रिक उपाय मानला जातो.

आजच्या डिझेल मोटारींत हीच बंद रचना असते. ब्रीदरचा वायू टॅपेट कव्हरमधील किंवा त्याशेजारील मूळ सेपरेटरमधून आणि दाब नियंत्रित करणाऱ्या पडद्याच्या व्हॉल्व्हमधून जातो व टर्बोच्या अलीकडच्या हवेच्या नळीत मिसळतो. पर्यावरणाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु मूळ सेपरेटरमधून निसटलेले तेल आता रस्त्यावर न पडता इंजिनाच्याच श्वासमार्गात जाऊ लागले.

तेथे त्याची गाठ ईजीआर व्हॉल्व्हमधून येणाऱ्या काजळीशी पडते. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी धुराचा काही भाग हवेत परत मिसळणारा हा व्हॉल्व्ह आपले काम करतो, पण काजळी आणि तेल एकत्र आले की इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर जमू लागतो. हवेची वाट अरुंद होते, गाडी ओढत नाही, धूर वाढतो. इंटरकूलर आतून तेलकट झाल्याने त्याची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताही घटते.

महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय परका नाही. १९९८ साली टाटा इंडिका आली आणि डिझेल इंजिन मध्यमवर्गीय घराच्या दारात उभे राहिले. पुढे पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणारे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन अनेक गाड्यांत दिसू लागले. त्याच घराण्यातील इंजिनाने मारुतीच्या डिझेल स्विफ्टलाही चालवले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल मोटारींची विक्री थांबवली. त्या काळातील असंख्य गाड्या आज हमीची मुदत संपवून, लाखाच्या पुढे किलोमीटर करून धावत आहेत. ऑइल सेपरेटरचा विचार प्रामुख्याने अशा गाड्यांसाठीच करायचा आहे.

आधी तपासणी, मग डबा

डबा बनवण्यापूर्वी चार गोष्टी तपासून घ्याव्यात. त्यांतील एखादी दुरुस्त केल्यावर डब्याची गरजच उरली नाही, असेही घडू शकते.

१. ऑइलची पातळी. डिपस्टिकवरील वरच्या खुणेपेक्षा अधिक तेल भरले असेल तर धुके वाढते. ‘थोडे जास्त असलेले बरे’ ही समजूत येथे महागात पडते.

२. एअर फिल्टर. तो चोंदलेला असेल तर टर्बो ब्रीदरच्या नळीतून अधिक जोराने शोषून घेतो आणि तेलही ओढतो.

३. मूळ ब्रीदर व्हॉल्व्ह. त्यातील रबरी पडदा फाटला असल्यास किंवा सेपरेटर गाळाने भरला असल्यास तो भाग बदलणे हाच खरा उपाय होय.

४. बॅक कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवावे आणि ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण सैल करून पाहावे. किंचित वाफ दिसणे स्वाभाविक आहे. झाकण उडू पाहत असेल, धुराचे भपके येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत किंवा टर्बोचा सील गेला आहे असा संशय घ्यावा. अशा इंजिनाला डबा बसवणे म्हणजे ताप मोजण्याऐवजी थर्मामीटर लपवून ठेवण्यासारखे आहे. तेथे कॉम्प्रेशन टेस्ट करून घेणेच इष्ट.

सेपरेटरचे तत्त्व

वायूतून तेल वेगळे करण्याच्या तीन युक्त्या आहेत : वायूचा वेग कमी करणे, त्याला एकदम वळण देणे आणि थेंबांना चिकटण्यासाठी पृष्ठभाग पुरवणे.

पहिल्या युक्तीचे गणित पाहण्यासारखे आहे. ब्रीदरमधून मिनिटाला ६० लिटर वायू येतो असे धरू. १९ मिलिमीटर व्यासाच्या नळीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर असतो. तोच वायू ७५ मिलिमीटर व्यासाच्या डब्यात आला की वेग सेकंदाला जेमतेम २३ सेंटिमीटर होतो, म्हणजे सुमारे सोळापट कमी. एवढ्या संथ प्रवाहात मोठे थेंब तरंगत राहू शकत नाहीत. ते खाली बसतात. वळणावर वायू सहज फिरतो, पण जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर आदळतात. उरलेल्यांपैकी काही जाळीच्या तारांना चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ओघळतात.

तथापि एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. तेलाच्या धुक्यातील सर्वांत सूक्ष्म थेंब एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. साध्या जाळीतून ते पार होतात. त्यांना अडवण्यासाठी बारीक तंतूंचे फिल्टर लागते. जर्मनीच्या मान अँड हुमेल कंपनीच्या ‘प्रोव्हेंट’ मालिकेतील तयार सेपरेटरमध्ये असे फिल्टर असते. त्यातील २०० क्रमांकाचे मॉडेल मिनिटाला २०० लिटर प्रवाहासाठी आहे. फिल्टर तुंबल्यास वायूला बाजूने वाट देणारा सुरक्षा व्हॉल्व्हही त्यात असतो. घरगुती डब्यात असा व्हॉल्व्ह नसतो, म्हणून त्यात स्पंज, कापूस, कापड किंवा दाट फिल्टर भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. थोडे कमी तेल अडले तरी चालेल, वाट अडता कामा नये.

साहित्य

– ७५ मिलिमीटर व्यासाची, २०० मिलिमीटर उंचीची, सुमारे २ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी. तिची धारणक्षमता सुमारे ८८० मिलिलिटर होते. साध्या प्लास्टिकच्या बरण्या उष्ण तेलाने मऊ पडतात. त्या वापरू नयेत.

– तळासाठी एक चकती. वरच्या बाजूस कडा, ओ-रिंग आणि स्क्रूने बसणारे झाकण, म्हणजे डबा उघडून धुता येईल.

– मूळ ब्रीदर नळीच्या मापाचे दोन निपल. आतील व्यास मूळ नळीपेक्षा किंचितही कमी नसावा.

– छिद्रे पाडलेल्या दोन चकत्या आणि स्टेनलेस स्टीलच्या जाड तारेची घासणी. बारीक स्टील वुल मुळीच वापरू नये. ते गंजते, त्याचे तुकडे पडतात आणि डब्याच्या पुढे टर्बोचे पाते असते. छोट्या टर्बोचे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. त्यात गेलेला तारेचा तुकडा क्षणात होत्याचे नव्हते करतो.

– तळाशी तेल काढण्यासाठी छोटा बॉल व्हॉल्व्ह.

– तेलाला टिकणारी नायट्राइल रबराची, आत विणीचा थर असलेली नळी आणि दर्जेदार होज क्लिप. बागेतील पाइप गरम होऊन चपटतो. अस्तर नसलेली साधी सिलिकॉन नळीही नको; तिच्यातून तेल झिरपते.

बांधणी

प्रवेशाचा निपल डब्याच्या मध्यापासून थोडा खाली, तळापासून सुमारे ८० मिलिमीटर उंचीवर, डब्याच्या भिंतीला स्पर्शिकेच्या दिशेने बसवावा. त्यामुळे आत येणारा वायू भिंतीलगत गोल फिरतो आणि थेंब भिंतीवर फेकले जातात. बाहेर जाणारा निपल झाकणाच्या मध्यभागी ठेवावा.

प्रवेशाच्या वर सुमारे ३० मिलिमीटरवर पहिली सच्छिद्र चकती, तिच्यावर सैलसर पसरलेली घासणी आणि तिच्यावर दुसरी चकती, अशी मांडणी करावी. चकत्यांवरील सर्व छिद्रांचे एकत्रित क्षेत्रफळ नळीच्या क्षेत्रफळाच्या किमान तिप्पट असावे. चकत्या वेल्डिंगने किंवा रिंगने पक्क्या बसवाव्यात. घासणीचा एकही धागा वरच्या चकतीतून डोकावू नये. प्रवेशाच्या खालची जागा तेल साठवण्यासाठी मोकळी राहते. या मापाच्या डब्यात ती साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास भरते. पण ती निम्मी भरण्यापूर्वीच रिकामी करायची असते.

वेल्डिंग शक्यतो आर्गनचे करून घ्यावे. नंतर डब्याची तोंडे बंद करून, सायकलच्या पंपाने हलका दाब देऊन तो पाण्याच्या बादलीत बुडवावा. बुडबुडे आले तर गळती कोठे आहे ते कळते. शेवटी डबा रॉकेलने किंवा डिझेलने दोन-तीनदा खळबळून धुवावा आणि पूर्ण वाळवावा. आत राहिलेला धातूचा कीस टर्बोकडेच जाणार असतो, हे विसरू नये.

जोडणी

डबा मूळ ब्रीदर व्हॉल्व्ह आणि टर्बोच्या अलीकडील हवेची नळी यांच्या मध्ये बसवायचा आहे. मूळ व्हॉल्व्ह काढून टाकू नये. क्रँककेसमधील दाबाचे नियमन तोच करतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच असतो, तेव्हा तो आहे तसाच राहू द्यावा.

जागा निवडताना टर्बो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि फिरणारे पट्टे यांच्यापासून डबा दूर ठेवावा. तापलेल्या टर्बोवर ठिबकलेले तेल पेट घेऊ शकते. हवेशीर, थंड कोपरा मिळाल्यास उत्तम, कारण थंड डब्यात वाफ लवकर द्रवरूप होते. डबा इंजिनावर न बसवता बॉडीवर, रबरी बुश घालून पक्का करावा. इंजिन हलते, म्हणून नळीला थोडी ढील द्यावी. मात्र तिच्यात खोलगट झोळ पडू देऊ नये. झोळात पाणी व तेल साचून वाट बंद होते.

काही जण डब्यानंतरची नळी टर्बोला न जोडता खाली उघडी सोडतात. हे दोन्ही बाजूंनी घातक आहे. एकतर तो वायू प्रदूषणकारी आहे आणि व्हेंटमधून केबिनमध्येही शिरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला मानवात कर्करोगास कारणीभूत घटकांच्या गटात ठेवले आहे, आणि क्रँककेसमधील वायूतही तोच धूर मिसळलेला असतो. दुसरे म्हणजे हवेच्या नळीवरील मूळ छिद्र नीट बंद झाले नाही, तर फिल्टर न झालेली धूळ थेट टर्बोत जाते.

पाण्याच्या नळीची परीक्षा

डबा वाट अडवत नाही ना, हे डोळ्यांनी कळत नाही. ते मोजावे लागते. त्यासाठी महागडे यंत्र नको. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात एका फळीवर बसवावी, दोन्ही बाहू अर्ध्या मीटरहून उंच ठेवावेत आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. ऑइल भरण्याच्या तोंडाचे एक जुने झाकण घेऊन त्याला छोटा निपल बसवावा आणि नळीचे एक टोक तेथे जोडावे. दोन्ही बाहूंतील पाण्याच्या पातळीतील एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक मिलिबार दाब.

डबा बसवण्यापूर्वी, इंजिन गरम असताना, आयडलिंगला आणि नंतर सुमारे ३००० आरपीएमला वाचन घ्यावे. डबा बसवल्यावर तेच वाचन पुन्हा घ्यावे. दोहोंत एक-दोन सेंटिमीटरहून अधिक वाढ आढळल्यास निपल अरुंद आहेत किंवा जाळी दाट झाली आहे असे समजून डबा उतरवावा. डब्याची जाळी कालांतराने चिकट होते, म्हणून ही परीक्षा प्रत्येक ऑइल बदलीच्या वेळी करावी.

इंजिन बेफाम झाल्यास

डिझेल इंजिनाला चालण्यासाठी इंधन आणि दाबलेली हवा एवढेच पुरते. ते इंधन डिझेलच असले पाहिजे असे नाही. डबा काठोकाठ भरला आणि एखाद्या चढावर वा जोरदार ब्रेकच्या वेळी त्यातील तेल टर्बोने ओढून घेतले, तर इंजिन त्या तेलावरच भडकून धावू लागते. वेग वाढतच जातो, मागून पांढरा-निळा धूर निघतो आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही, कारण चावीने केवळ डिझेलचा पुरवठा बंद होतो.

मॅन्युअल गिअरची गाडी असल्यास ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा व इंजिन बंद पाडावे. ऑटोमॅटिक गाडीत हा मार्ग नाही. हवेचे तोंड जाड फळीसारख्या घट्ट वस्तूने झाकले तर इंजिन गुदमरून थांबते. मात्र त्यासाठी हात किंवा कापड वापरू नये. ते शक्य नसल्यास गाडीतील सर्वांनी उतरून दूर जावे. इंजिनापेक्षा माणसे मोलाची.

देखभाल आणि नोंद

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर दर हजार किलोमीटरला डबा रिकामा करावा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, विशेषतः रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल तर, डब्यात लोण्यासारखा पांढुरका गाळ आढळतो. तो तेल व पाण्याचे मिश्रण असतो. केवळ त्यावरून हेड गॅस्केट गेले असा निष्कर्ष काढू नये. कूलंटची पातळी घटत असेल तरच ती शंका घ्यावी. लेह-लडाखकडे गाडी नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डबा व नळ्या कोरड्या कराव्यात. गोठलेले पाणी वाट पूर्ण बंद करू शकते.

डब्यातील तेल पुन्हा इंजिनात ओतू नये. त्यात पाणी, डिझेल आणि आम्ले असतात. ते गटारातही टाकू नये. वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते. गॅरेजमधील जुन्या ऑइलच्या पिंपात ते जमा करावे.

काढलेले तेल प्रत्येक वेळी मापी पेल्यात मोजावे आणि किलोमीटरसह वहीत लिहावे. या नोंदीचे मोल डब्याहून अधिक आहे. आकडा स्थिर असेल तर इंजिन ठीक आहे. प्रवासाचा प्रकार तोच असताना आकडा दुप्पट झाला, तर रिंगा, टर्बो किंवा ब्रीदर व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी बिघडत आहे, याची सूचना धूर दिसण्याआधीच मिळते.

कायदा आणि हमी

हमी चालू असलेल्या गाडीत हा प्रयोग करू नये. ब्रीदरच्या मार्गात बदल केल्याचे कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकते. बीएस-६ गाड्यांबाबत तर अधिकच सावध राहावे. त्यांचे मूळ सेपरेटर सुधारलेले असतात आणि काही गाड्यांत ब्रीदरची नळी सुटल्यास संगणक दोष दाखवतो. शिवाय धुराच्या फिल्टरची जळण-सफाई होताना डिझेल ऑइलमध्ये मिसळून पातळी वाढू शकते. तेथे डिपस्टिककडे लक्ष ठेवणे अधिक महत्त्वाचे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ प्रदूषणाचे निकष ठरवतो, तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये ते मोडल्यास शिक्षेची तरतूद आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल मोटारीच्या सायलेन्सरच्या धुराची घनता तपासली जाते. ब्रीदरची उघडी नळी तेथे पकडली जाणार नाही. परंतु प्रमाणपत्र मिळाले म्हणून ती नळी निर्दोष ठरत नाही. डबा बसवायचा तर मार्ग दोन्ही टोकांनी बंद ठेवूनच बसवावा.

थोडक्यात, क्रँककेसच्या वायूला मोकळी वाट आणि त्यातील तेलाला मुक्कामाची जागा, एवढेच या साधनाचे काम आहे. हा डबा झिजलेले इंजिन नवे करत नाही. तो टर्बो, इंटरकूलर आणि मॅनिफोल्ड अधिक काळ स्वच्छ ठेवण्यास हातभार लावतो आणि वहीतील नोंदीच्या रूपाने इंजिनाची प्रकृती सांगतो. ज्यांना डबा वेळेवर रिकामा करण्याची शिस्त पाळणे जमणार नाही, त्यांनी तो न बसवलेलाच बरा.